दुसरी घंटा

"वयनी, लोकर जरा सैल धरा, तुटंल," पलीकडच्या टोकावरून आप्पा म्हणाले.

"तुटली तर माझ्या पिशवीत दुसरा गुंडा आहे. तुम्ही तुमचं टोक सांभाळा."

"मी सांभाळलंयच. तुमच्या हाताला कंप सुटलाय."

"कंप नाही तो. तुमच्याकडं बघितलं की राग येतो, त्यानं हात हलतो."

आप्पा हसले. आम्ही दोघं मैदानाच्या कडेला शेवटच्या रेषेवर उभे होतो, ते एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि मध्ये लाल लोकरीचा एकपदरी धागा. जो पहिला येईल त्याच्या छातीवर तो धागा जातो. आप्पा दुबुले सोनगावच्या हिंदमाता क्लबचे, मी माळवाडीच्या नवजवान मंडळाची. आमच्या जिल्ह्यात ही पद्धत माझ्या मालकांनी, तात्यांनी, घालून दिली. त्याआधी एका वर्षी माळवाडीच्या पंचांनी माळवाडीचा पोरगा पहिला सांगितला, सोनगावच्या पंचांनी सोनगावचा, आणि मग खुर्च्या उडाल्या. तेव्हापासून एका टोकाला एका क्लबचं माणूस, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं. दोघांनी एकच नाव घेतलं तर निकाल, नाही तर शर्यत पुन्हा. टोक धरणाऱ्यानं पळणाऱ्याला हाक मारायची नाही की खूण करायची नाही.

तात्या गेले आणि त्यांचं टोक माझ्याकडं आलं. बाईमाणूस दोर धरणार म्हणून काही जणांनी तोंडं वाकडी केली. मी विचारलं, बोटाला लोकर गुंडाळायला मिशा लागतात का? आणि टोक बोटाला गुंडाळलं.

लोकांना वाटतं, जिल्ह्याच्या स्पर्धा सरकार भरवतं. सरकार कुठलं? पहाटे चुन्याची फक्की ओढणारा आमचा शिंपी. पोरींच्या पाठीवरचे नंबर त्यानंच कापडावर शिवलेले, दर वर्षी मी ते धुऊन ठेवायची. शर्यत सोडायला पिस्तूल नव्हतं, मग रिटायर झालेले हवालदार दोन फळ्या एकमेकींवर हाणायचे. माइक वायरमन बाबूचा. शिट्ट्या ड्रिलच्या मास्तरांच्या. ज्याला त्याला घरचं काम सोडून यावं लागायचं, आणि संध्याकाळी सगळे एकमेकांशी भांडून घरी जायचे. पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

त्या दिवशी पोरींची तीन हजार मीटर होती. साडेसात फेऱ्या. त्यात माझी सून होती, वैजयंता.

सकाळी मी तिच्या पाठीवर नंबर टाचत होते तेव्हा ती म्हणाली, "जिजी, एक सांगू? या वर्षी निवड झाली नाही तर मी बूट कुणाला तरी देऊन टाकणार आहे."

"का?"

"दोन वर्षं तिसरी येते. पहिल्या दोघी राज्याला जातात आणि मी घरी येते. लोक तुम्हाला हसतात."

"लोक मला हसत असतील तर माझ्या पाठीमागं हसतात. तोंडावर हसलेला मी अजून बघितला नाही. सरळ उभी राहा, पिन टोचंल."

मी वरवर असं बोलले, पण तिनं बूट सोडून चालणार नव्हतं. वैजयंता पळायची म्हणून आमच्या मंडळात पोरी यायच्या. खलाट्यांची लग्न झालेली सून चड्डी घालून पळते आणि सासू तिच्याबरोबर मैदानावर येऊन बसते, हे बघून बायांनी आपल्या पोरी पाठवायला सुरुवात केली होती. हिनं बूट काढले की त्या आयांना निमित्तच हवं होतं. तात्यांनी पोरांचं मंडळ उभं केलं होतं, पोरींचं मी केलं होतं. ते माझ्या डोळ्यांसमोर बंद पडलेलं मला बघायचं नव्हतं.

तिचं दुखणं मला ठाऊक होतं. दुसऱ्या पोरी सुटल्या की ही त्यांच्याबरोबर वाहत जायची, आणि शेवटच्या फेरीला अंगात काही शिल्लक राहायचं नाही. पिन लावून झाल्यावर मी म्हटलं, "आज फेऱ्या तू स्वतः मोजायच्या. कुणी काय ओरडतंय ते ऐकू नको. मैदानावर ज्याला त्याला आपापलं काम असतं, तुझं मोजायला कुणी रिकामं नाही. शेवटच्या फेरीपर्यंत दम राखायचा, मग काय ते कर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बूट मला दे. मी घालीन."

ती हसली आणि गेली.

आता त्या वर्षीच्या पाहुण्याचं सांगते. शेवटची फेरी सुरू झाली की पितळी घंटा वाजवतात, आणि ती वाजवायचा मान आमच्यात पाहुण्याचा. शाळेची घंटा मागून आणायची, तीन बांबूंची तिकाटी करून तिला टांगायची, आणि शेवटच्या रेषेजवळच पाहुण्याची खुर्ची मांडायची. त्या वर्षी आप्पांनी रणनवरे साहेबांना आणलं होतं, साखर कारखान्याचे संचालक. माणूस वाईट नव्हता. जन्म सगळा कुस्तीच्या फडात गेलेला, पळायची शर्यत पहिल्यांदाच बघत होते. आमचं मैदान खड्ड्यांचं, त्यावर फिरवायला त्यांनी रोलर देतो म्हणून सकाळीच सांगितलं होतं. त्यामुळं संघटनेचे सेक्रेटरी पाटणे सर त्यांच्याशी बोलताना निम्मे वाकलेले असायचे.

फळ्या वाजल्या आणि पोरी सुटल्या. सोनगावची कुसुम पहिल्यापासून पुढं. तिच्या मागं आमच्याच मंडळाची शोभा, माझ्या चुलत नणंदेची मुलगी. वैजयंता मागं, सहावी. मी मनात म्हटलं, राहू दे, तिथंच राहा. घोरपडे मास्तर काळ्या पाटीवर राहिलेल्या फेऱ्या लिहून पोरींना दाखवत होते. पाच, चार, तीन. सगळं नीट चाललं होतं.

पाटीवर दोन आले. कुसुम वळणावरून सरळ रेषेत आली, आणि आप्पांचा पुतण्या, जो फोटो काढत हिंडत होता, तो साहेबांच्या समोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "साहेब, पोरी मागं झकास येतायत. हाणा एकदा, फोटो घेतो."

साहेबांनी दोरी धरली आणि मनापासून घंटा वाजवली. टण टण टण टण. कुस्तीचा निकाल लागल्यासारखी.

कुसुम उधळली. तिच्या मागं शोभा, मग बाकीच्या. दोन फेऱ्या राहिल्या होत्या आणि पोरी शेवटच्या फेरीला पळतात तशा जीव तोडून पळायला लागल्या.

पाटणे सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी घोरपडे मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी त्यांच्याकडं. मग मास्तरांनी बाहीनं पाटी पुसली आणि दोनचा एक केला. माझ्या देखत.

तेवढ्यात वैजयंता आली. तिनं पाटी बघितली. घंटा अजून घुमत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. माझा एक हात कमरेवर, दुसऱ्याच्या बोटाला लोकर. मी पापणी हलवली नाही. आप्पा माझ्याकडंच टक लावून बघत होते, आणि मला आयुष्यात कुणाच्या मेहेरबानीचा निकाल नको होता.

वैजयंता पुढं गेली. होती त्याच चालीनं.

लोक ओरडायला लागले. "अगं पळ की, शेवटची हाय!" माझा मुलगा दिलीप कुंपणावर चढून ओरडत होता, नवरा तिचा, त्यालाही मोजता येत नव्हतं. ती ऐकेना. पुढच्या पोरी अर्ध्या वळणानं सुटल्या आणि ही आपली मागं, एकटी, घड्याळासारखी.

मी पाटणे सरांना म्हटलं, "सर, ही झाल्यावरही एक फेरी राहते."

"जिजी, हळू बोला. माहीत आहे."

"मग?"

"मग काय? साहेबांना चुकलं म्हणायचं? एवढ्या लोकांत? आता पोरी येतील, दोर उचलायचा, निकाल द्यायचा. साडेसहा काय आणि साडेसात काय, सगळ्यांना सारखंच आहे ना."

"सगळ्यांना सारखं नाही. माझी सून अजून पळायचीच आहे."

"तिनं घंटा ऐकायला हवी होती."

हे बोलणं मला झोंबलं. घंटा चुकली, पाटी पुसली, आणि चुकीची ठरणार ती पोर. अख्ख्या मैदानावर एकटीनं बरोबर मोजलं होतं, आणि हरणारही ती एकटीच होती. घरी जाऊन ती मला बूट देणार, आणि मला तोंड वर करून एवढंही म्हणता येणार नव्हतं की पोरी, तू चुकलीस.

"वयनी, दोर उचला," आप्पा म्हणाले. "वळणावर आल्या."

कुसुम पुढं होती. आप्पांचे डोळे चमकत होते. मी बोटाची लोकर सोडवली, चार ढांगांत पलीकडं गेले आणि माझं टोक त्यांच्या हातात कोंबलं.

"धरा दोन्ही."

"आता कुठं निघालात?"

"पाहुण्याला पाणी विचारून येते."

साहेब घंटेजवळच उभे होते, दोरी हातात, खुशीत. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "साहेब, दुसरी वाजवा."

"दुसरी?"

"पहिली मैदानाची झाली. दुसरी पळणाऱ्यांची. दोन्हींचा मान पाहुण्याचाच असतो आमच्यात."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काम आप्पांकडं होतं. त्यांचं आता वय झालंय."

साहेबांना हसू आलं. "मग कधी वाजवू?"

"या पोरी रेषेवर आल्या की. आणि जरा जोरात. मैदानाला हळू चालतं, पळणाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

पाटणे सरांचं तोंड उघडं पडलं होतं. त्यांना मी डोळ्यांनी सांगितलं की ते मिटा.

कुसुम रेषेवर आली, दोन्ही हात वर करून. समोर दोर नाही, आप्पा दोन्ही टोकं हातात घेऊन नवरदेवाचा करवला उभा राहावा तसे उभे. आणि कानाशी घंटा, टण टण टण टण. ती बावरली, अडखळली, पाटीकडं बघितलं. पाटीवर एक होताच. आता तो खरा झाला होता. पोर हिमतीची, शिवी हासडली आणि पळतच राहिली. शोभा मात्र थांबली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग पुन्हा सुटली. तिथंच तिची शर्यत संपली.

वैजयंता रेषेवर आली तेव्हा घंटेचा आवाज अजून होता. यावेळी तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रेषा ओलांडली आणि तिची चालच बदलली. गवतातून साप जावा तशी ती सरसर निघाली.

मी माघारी येऊन माझं टोक घेतलं.

"वयनी, हे बरं नव्हं," आप्पा दातओठ खात म्हणाले.

"दोर ताणा. सैल पडलाय तुमच्याकडनं."

लांबच्या कडेला वैजयंतानं शोभाला गाठलं. मग अजून तिघींना. कुसुम दोन वेळा शेवटची फेरी पळत होती, तिचे खांदे वर यायला लागले होते, तरी सोडत नव्हती. शेवटच्या वळणावर दोघी मागं-पुढं, सरळ रेषेत जवळजवळ बरोबर. माझ्या बोटाला हिसका बसला. लोकर निघून गेली.

वैजयंता पुढं जाऊन गुडघ्यांवर वाकली. तिच्या छातीवर लाल रेघ. कुसुम हातभर मागं होती, दुसरी आली आणि चुन्यावरच बसली.

आता निकाल द्यायचा होता. बाबू वायरमन माइक घेऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"पहिली वैजयंता खलाटे," मी म्हटलं.

बाबूनं माइक आप्पांकडं वळवला.

"आप्पा, बोला," बाबू म्हणाला.

"तो माइक बंद कर आधी." बाबूनं बंद केला. "वयनी, तुम्ही सुनेला खूण केली."

"माझा एक हात कमरेवर होता, दुसरा दोरात. आणि तुम्ही कुठं बघत होता? माझ्या तोंडाकडं. कसली खूण दिसली, सांगा."

"तिला आधीच ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं? तुमचा पुतण्या फोटो काढणार आहे ते?"

आप्पांनी मान फिरवली. पुतण्या कॅमेऱ्याचं झाकण लावत होता, फार मन लावून.

"माझ्या पोरीला घंटेनं फसवलं," आप्पा म्हणाले.

"फसवलं, खरं आहे. मग सांगू या माइकवर. तुम्ही म्हणा की तुमच्या पाहुण्यानं घंटा चुकीची वाजवली, मास्तरांनी पाटी पुसली. मी तुमच्या मागं उभी राहते. शर्यत उद्या पुन्हा घेऊ. माझी सून उद्याही पळेल."

हे मी वरवर बोलले नव्हते. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी पुन्हा दोर धरला असता. आप्पा साहेबांकडं बघत राहिले. साहेब लांबून आम्हाला हात करत होते, छान झालं म्हणून.

कुसुम उठून आमच्याजवळ आली होती, तोंड लाल, केसांना चुना. "आप्पा," ती म्हणाली, "मी फेऱ्या मोजल्याच नाहीत. घंटा वाजली की पळायचं एवढंच डोक्यात होतं. वैजूताईनं मोजल्या. दोर तिनं नेला, मी बघितला की."

"तुला उद्या पळायचं नाही?"

"पाय कुणाचे आणू उद्या? आणि मी दुसरी आहे ना? दुसरीलाही नेतात राज्याला."

आप्पांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग बाबूच्या हातातला माइक घेतला, स्वतःच चालू केला आणि म्हणाले, "पहिली वैजयंता खलाटे, माळवाडी. दुसरी कुसुम जगदाळे, सोनगाव." माइक परत देताना माझ्याजवळ वाकून म्हणाले, "साहेबांना हे कधी कळलं तर बघा."

"माझ्याकडनं कळायचं नाही. तुमचं तुम्ही बघा."

शोभाची आई, माझी नणंद, पुढं दोन दिवाळ्या माझ्याशी बोलली नाही. पहिल्या घंटेला तिची मुलगी दुसरी होती आणि मी आपल्याच मंडळाचं नुकसान केलं, असं तिचं म्हणणं. बोलायला लागली तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, शोभाला मोजायला कुणी शिकवलं होतं का? मग शोभा आमच्याकडंच वैजयंताबरोबर सरावाला यायला लागली.

राज्याच्या स्पर्धेत वैजयंता सातवी आली. कुसुम अकरावी. दोघी एकाच गाडीनं गेल्या आणि एका ताटात जेवून आल्या. बूट काही तिनं मला दिले नाहीत. फाटले तेव्हा नवे घेतले.

पुढच्या वर्षी रणनवरे साहेब बोलावायच्या आधीच आले, रोलर घेऊन. मैदानावर पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी पाटणे सरांना विचारलं, "पहिली घंटा केव्हा वाजवायची ते आधी सांगा, मागच्या खेपेला माझी गडबड झाली." सरांनी माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं. आप्पा घसा खाकरून म्हणाले, "पहिली तुमच्या मनाला येईल तेव्हा, साहेब. दुसरी वयनी सांगतील तेव्हा."

तेव्हापासून तेच चालू आहे. पाहुणा कोणीही असो, फोटोवाला कोणीही असो, पहिली घंटा त्यांनी हवी तेव्हा वाजवावी. आमच्या जिल्ह्यातली पोरं तिच्यावर पळत नाहीत. आपली मोजत राहतात.

यंदा मी खुर्चीवर बसून टोक धरलं. आप्पाही खुर्चीवर, कानाला मशीन. फळ्या वैजयंता वाजवते आता, हवालदारांच्या त्याच. पाटणे सर केव्हाच गेले, नवा सेक्रेटरी एक शिकलेला तरुण आहे, भलता उत्साही. पाहुण्या बाई शहरातल्या होत्या. त्यांनी विचारलं, दोन घंटा का? तर हा त्यांना समजावून सांगायला लागला. "मॅडम, ही आमच्या जिल्ह्याची फार जुनी परंपरा आहे. पहिली घंटा भूमीला वंदन म्हणून, दुसरी खेळाडूंसाठी. आमच्या जाणत्या लोकांनी पूर्वी विचार करून घालून दिलेली. जिजींना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे."

बाई माझ्याकडं वळल्या. "किती सुंदर कल्पना आहे. कुणाची होती हो?"

फळ्या काखेत मारून वैजयंता पलीकडं उभी होती. तिनं तोंडावर ओढणी धरली. पोरी वळणावर आल्या होत्या, पाटीवर एक होता. मी आप्पांकडं बघितलं. त्यांना काही ऐकू गेलं असेल असं वाटलं नव्हतं, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

"सोनगावच्या आप्पांची," मी म्हटलं. "त्यांच्याच पाहुण्यापासून सुरू झालं. हाणा बाई, दुसरी जरा जोरात."

पलीकडून आप्पांनी दोर ताणला.